बालगंधर्व आणि आमच्या गावची सिंधू

मंडळी, बालगंधर्वांचा विषय निघाला की एक गोष्ट हमखास सांगितली जाते. १२ मार्च १९११, 'मानापमान'चा पहिला प्रयोग, त्याच दिवशी मुलगी गेली, तरी भामिनी रंगमंचावर उभी राहिली. गोष्ट मोठीच आहे. पण तिच्यातून कळतं ते त्यांचं काळीज. त्यांचं काम कसं होतं ते नाही.

काम कळतं ते सिंधूवरून. भरजरी शालूंसाठी गाजलेल्या या नटानं १९१९ साली 'एकच प्याला'त ठिगळाचं लुगडं नेसलं. लोक रूप बघायला येतात हे ठाऊक असूनही! नुसतं बाई दिसणं वेगळं आणि एका दारुड्याची बायको होणं वेगळं. हे दुसरं शिकावं लागतं.

चीनमध्ये ही विद्या रीतसर शिकवत. पेकिंग ऑपेरातल्या स्त्रीभूमिकांना 'दान' म्हणतात. त्यातले थोर नट मेई लानफांग (१८९४-१९६१). नजर तेज व्हावी म्हणून ते कबुतरं पाळत आणि उडणाऱ्या थव्यावर डोळे फिरवत. जपानी अमलात स्त्रीभूमिका कराव्या लागू नयेत म्हणून त्यांनी चक्क मिशा वाढवल्या. पुढे मुलगा मेई बाओजिउ यांनी त्याच भूमिका केल्या.

आणि आपण? आमचं गाव भोर-वेल्ह्याच्या डोंगरातलं. पूर्वी जत्रेच्या नाटकात बायकांची कामं पुरुषच करायचे. माझ्या चुलत आजोबांनी सिंधू केली. दिवसभर भातखाचरात राबायचं आणि रात्री आजीकडून नऊवारी नेसायला, घरच्या बाईसारखं बसायला-उठायला शिकायचं. म्हणतात, प्रयोगाला बायामाणसं रडली. पण दुसऱ्या दिवसापासून आजोबा 'सिंधूबाई' झाले ते मरेपर्यंत. पारावर, भोरच्या बाजारात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा! पुढे त्यांनी तोंडाला रंग लावला नाही.

हसणाऱ्यांत बालगंधर्वांची पदं गुणगुणणारेही होते. त्यांना यात काही विसंगत वाटलं नाही, आपल्यालाही वाटत नाही. पुण्यात नाट्यगृहाला नाव देऊन आपण मोकळे. गावातल्या पोरानं गॅदरिंगला साडी नेसली की शिट्ट्या आणि टोमणे.

माझं मत विचाराल तर बालगंधर्वांचा अभिमान बाळगायचा हक्क कमवावा लागतो. येत्या जत्रेत एखाद्या पोरानं बाईचं काम केलंच, तर नातेवाईकहो, निदान आपण तरी त्याला टोपणनाव देऊ नका. काम कसं झालं तेवढं सांगा.