वळवाचे दिवस आणि तलावातील मासे

चैत्र सरून वैशाख लागला, म्हणजे आमच्या कोल्हापूर भागात आभाळाचा नेम राहत नाही. सकाळी निरभ्र, दुपारी अंगाची लाही, तिसऱ्या प्रहरी काळे ढग, मग वावटळ, विजा, क्वचित गारा आणि तासाभराचा वळीव, असा प्रकार कित्येक दिवस चालतो. या पावसाने आंब्याचे काय झाले व उसास किती लाभ झाला, याचा हिशेब प्रत्येक शेतकरी करतो. परंतु त्याच वळवाने गावच्या तलावातील व आपल्या शेततळ्यातील माशांचे काय होते, इकडे फारसे कोणाचे लक्ष जात नाही. मासा हेही एक पीकच होय. सबब त्याविषयी आमचे मत वाचकांपुढे ठेवणे आम्हांस अगत्याचे वाटते.

तलावाच्या काठी गळ टाकून बसणारास हा अनुभव आहे की, एके दिवशी ढग दाटून आले व पाण्यावर लाट उठली की मासा भराभर आमिष घेतो. आणि दुसरे दिवशी त्याच जागी दिवसभर बसूनही गळ हालत नाही. याचे खापर नशिबावर फोडण्यात येते, पण कारण पाण्यातच आहे. उन्हाळ्यात वारा पडला असता तलावात दोन थर होतात. वरचे पाणी तापते. तळचे थंड राहते, परंतु कुजणाऱ्या पाल्यामुळे त्यात प्राणवायू उरत नाही. शिवाय पाणी जितके तापेल तितका प्राणवायू त्यात कमी मावतो. समुद्रसपाटीवर २० अंश उष्णतेच्या एक लिटर पाण्यात तो सुमारे ९ मिलिग्रॅम राहतो, तर ३० अंशांस साडेसातच. अशा वेळी वळवाचा सोसाटा व थंड पाऊस आला, की थर मोडतात व तळचे नासके पाणी वर येते. प्राणवायू ३ मिलिग्रॅमच्या आसपास उतरला म्हणजे रोहू, कटला, मृगळ ही मंडळी अन्न सोडतात. मग गळास कोण लागणार?

इतक्यावरच हे थांबत नाही. वळवानंतर आभाळ दोन-तीन दिवस झाकोळलेले राहिले, तर पाण्यातील हिरव्या शेवाळास ऊन मिळत नाही. ते प्राणवायू निर्माण करावयाचे थांबते, आणि रात्री श्वासोच्छ्वासाने उलट तो खर्च करते. यामुळे पहाटेच्या सुमारास मासे पृष्ठभागावर येऊन तोंड उघडून वारा घेताना दिसतात. उजाडता उजाडता पांढरी पोटे तरंगू लागली, की गावात विषप्रयोगाचा संशय उठतो व भाऊबंदकीत आणखी एक भांडण वाढते. याची पारख सोपी आहे. प्राणवायूच्या टंचाईत बहुधा पहाटे, आणि आधी मोठे मासे मरतात. मरळ मात्र वरची हवा घेऊन तगून राहते. मरळही मेली, किंवा भर दुपारी सर्व जातींचे लहानमोठे मासे एकदम मेले, तर विषाचा किंवा मळीच्या पाण्याचा संशय घेणे रास्त होय, व पाण्याचा नमुना तपासावयास पाठविला पाहिजे.

यास्तव शेततळे बाळगणाऱ्यांस आमचे सांगणे असे की, वळीव सुरू होण्यापूर्वीच, हवा स्थिर असलेल्या दिवशी ऊन चढण्याआधी जाळे टाकून मोठे मासे काढावे व तळ्यातील दाटी कमी करावी. उन्हाळ्यात पाणी उतरलेले असते. थोड्या पाण्यात पुष्कळ मासे ठेवण्याचा लोभ महागात पडतो. झाकोळलेल्या दिवशी खाद्य व शेण घालू नये. मध्यरात्रीपासून उजाडेपर्यंत पंपाने तळ्याचेच पाणी उंचावरून तळ्यात सोडावे. खत व औषधे घातलेल्या शेतातून पहिल्या पावसाचे जे पाणी वाहते, ते चर काढून बाहेर वळवावे.

आता आमच्या मुख्य म्हणण्याकडे वळतो. मृग निघाला, ओढ्यांस पाणी आले, की गावठी मासे अंडी घालण्यासाठी नदी-तलावांतून प्रवाहाविरुद्ध चढू लागतात. कधी मृगाआधीच जोराचा वळीव होतो आणि मासा फसून चढतो. पुढे ऊन पडून ओढा आटतो व तो डबक्यात अडकतो. हा चढणीचा मासा अंड्यांनी भरलेला असतो, आणि नेमका तोच बांधाच्या तोंडाशी सापळे लावून पाटीपाटीने धरण्यात येतो. रोहूची मादी वजनाच्या किलोमागे दोन लाखांच्या घरात अंडी घालते, यावरून एका मादीमागे किती बुडते याचा अंदाज वाचकांनी करावा. रोहू-कटल्याचे बीज आज विकत मिळते. १९५७ साली कटक येथे हिरालाल चौधरी यांनी हे मासे टोचणीने प्रसवविण्यात यश मिळविले, त्याचे हे फळ. आपल्या ओढ्यातील गावठी माशांस मात्र ओढ्याची वाट हाच एक आधार आहे.

कोणी म्हणेल, वर्षातून एकदा मिळणारी चढणीच्या माशाची चव गरिबाने का सोडावी? हा आक्षेप आम्ही हलका लेखीत नाही. ज्याच्या घरी दुसरे कालवण नाही, त्याने दोन मासे धरले म्हणून ओढा ओस पडत नाही. ओढा ओस पडतो तो संपूर्ण पात्र अडवून विक्रीसाठी मासा उपसल्याने. समुद्रात जून व जुलै महिन्यांत यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते, ती याच विचाराने. ओढा ज्याच्या शेतातून वाहतो, त्या खातेदाराच्या शब्दास गावात वजन असते. त्याने निदान अर्धे पात्र मोकळे ठेवण्याचा व पहिल्या पुराचे आठ दिवस सापळे न लावण्याचा ठराव ग्रामसभेत करून घ्यावा. ज्या राजर्षी शाहू महाराजांनी राधानगरीस पाणी अडविण्याचे काम हाती घेतले, त्यांच्या मुलखात पाणी राखण्याची शहाणीव नवी नाही. बियाण्याची कणगी जो ऐन पेरणीत रिकामी करीत नाही, त्या शेतकऱ्यास याहून अधिक सांगण्याची आवश्यकता आम्हांस वाटत नाही.