‘नुसते चित्रित नाटक’ : एका शेऱ्याची तपासणी

दादासाहेब तोरणे यांचा ‘श्री पुंडलिक’ हा मूकपट मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये १८ मे १९१२ रोजी प्रदर्शित झाला. फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ त्याच चित्रगृहात ३ मे १९१३ रोजी. यांतला पहिला भारतीय चित्रपट कोणता, हा येथे प्रश्न नाही. ‘पुंडलिक’चा छायालेखक परदेशी होता, फितीवरील प्रक्रिया लंडनमध्ये झाली, हे आक्षेप वस्तुस्थितीचे आहेत. परंतु त्यांच्या जोडीने येणारा ‘ते नुसते चित्रित नाटक’ हा शेरा वस्तुस्थितीचा नाही, मूल्याचा आहे. आणि तो तपासण्याची जबाबदारी समीक्षेची आहे.

रामराव कीर्तिकरांच्या नाटकावरून घेतलेल्या या मूकपटाची प्रत आज उपलब्ध नाही. ज्या कृतीचा आस्वाद कोणालाच घेता येत नाही, तिच्याविषयी ‘नुसते’ हे विशेषण वापरणे म्हणजे पुराव्यावाचून निवाडा देणे होय.

मुळात मूकपट नाटकाची नक्कल करूच शकत नाही. तत्कालीन मराठी रंगभूमीचा प्राण संवादात आणि पदांत होता. मूकपटाने नेमके तेच हिरावून घेतले. कॅमेरा स्थिर असला तरी शब्द गेल्याबरोबर हालचाल, मुद्रा आणि अवकाश यांच्यावरील अर्थभार बदलतो. म्हणजे माध्यमांतर तेथेच घडलेले असते.

याचे ठळक उदाहरण ‘कीचकवधा’चे. खाडिलकरांचे हे नाटक १९०७ साली रंगभूमीवर आले. त्यातील कीचकात प्रेक्षकांनी कर्झन पाहिला आणि १९१० साली सरकारने नाटकावर बंदी घातली. याच कथाभागावर बाबूराव पेंटरांनी १९२० साली ‘सैरंध्री’ हा मूकपट काढला. या वेळी अभ्यवेक्षणाची कात्री चालली ती कीचकाच्या वधाच्या उग्र दृश्यावर. दहा वर्षांपूर्वी राज्यसत्तेला खुपला होता शब्दांतून सूचित होणारा अर्थ. आता खुपला पडद्यावरचा देह. रूपांतरात काय गेले आणि काय नव्याने आले, याची याहून बोलकी साक्ष कोणती हवी?

अमेरिकेतील अनुभव येथे उद्बोधक आहे. सारा बर्नहार्टचा ‘क्वीन एलिझाबेथ’ हा नाटकावर आधारलेला फ्रेंच मूकपट अ‍ॅडॉल्फ झुकर यांनी १९१२ सालीच तेथे आणला. तोही रंगमंचीय धाटणीचा होता. तरी लांब पल्ल्याच्या चित्रपटाला प्रतिष्ठा मिळवून देणारी कृती म्हणून तो इतिहासात टिकला. पुढे १९२५ साली लुबिचने ‘लेडी विंडरमिअर्स फॅन’ करताना वाइल्डची चमकदार वाक्ये वगळली आणि त्यांचे काम नजरांवर व हालचालींवर सोपवले. तेथील अभ्यासक त्या वगळण्यातच कलाविचार शोधतात.

आपल्याकडे मात्र नाट्यसमीक्षेने नाटक म्हणजे छापील संहिता मानली आणि चित्रपटसमीक्षेने नाटकाशी असलेले नाते हा जन्मदोष ठरवला. या दुहेरी सोवळ्यामुळे नाटकांवरून निघालेले मूकपट दोन्ही घरांबाहेर राहिले. बहुतेक फिती नष्ट झाल्या आहेत. पण नाट्यसंहिता, जाहिराती, परीक्षणे, अभ्यवेक्षणाच्या नोंदी यांतून जे हाती लागेल त्यावर रूपांतराची मीमांसा उभारता येते. शब्द काढून घेतल्यावर नाटकात काय उरते, हा नाट्यशास्त्राचा गाभ्याचा प्रश्न आहे. मूकपटांनी तो प्रत्यक्ष प्रयोगाने विचारला होता. ‘नुसते चित्रित नाटक’ म्हणणाऱ्यांनी त्याचे उत्तर टाळले आहे, इतकेच.