पुण्यात क्राफ्ट, आमच्याकडं गुन्हा

भाचा परवा पुण्याहून सुट्टीला आला. सोबत यीस्टचं पाकीट, वाळलेले हॉप्स आणि एक मोठा काचेचा बुधला. म्हणाला, "मामा, आपल्याच शेतातला गहू घेऊ, दहा लिटर गव्हाची बिअर करू. या उन्हात गार करून प्यायला एक नंबर लागती." मी म्हणलं, बुधला गाडीतच राहू दे. मी काही माळकरी नाही, पण महाराष्ट्रात घरी बिअर करणं १९४९ च्या दारूबंदी कायद्यानं गुन्हा आहे. विकली नाही तरी, एकच लिटर केली तरी.

पोरगं चक्रावलं. चक्रावणारच की. पुण्यात २००९ पासून डूलॅलीसारख्या मायक्रोब्रुअरी चालतात. तिथं हीच गव्हाची बिअर ग्लासात मिळते, लवंगेचा आणि केळ्याचा वास कसा येतो ते वेटर समजावून सांगतो. त्याला क्राफ्ट म्हणायचं. आमच्याकडं वस्तीवरच्या बाईच्या घागरीत गूळ आंबत असला की त्याचं नाव 'रसायन'. रसायन जागीच नष्ट केलं, अशी बातमी फोटोसकट छापून येते. मी असली एक धाड लांबून बघितलीय. घागरी फुटल्या, बाई गाडीत बसली, आणि ज्या हॉटेलात संध्याकाळी विनापरवाना बाटल्या फुटतात तिथं कुणी फिरकलं नाही.

हातभट्टी आणि बिअर एक नाही, हे मला कळतं. हातभट्टी गाळून कडक करतात. बिअर नुसती आंबवायची असते. गव्हाला मोड आणायचे, वाळवून भरडायचे, जवाचं माल्ट मिसळून तासभर पासष्टेक अंशाच्या पाण्यात ठेवायचं म्हणजे पिठाची साखर होते. मग हॉप्स टाकून उकळायचं, गार करायचं, यीस्ट सोडायचं. पाच टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल. (आपल्या चाळीस अंशांत यीस्ट बिघडतंय ही खरी अडचण, ओलं गोणपाट गुंडाळावं लागेल.) येळवसाला शेतात आंबील पिणाऱ्या आपल्या जिल्ह्याला धान्य आंबवणं कुणी शिकवायची गरज नाही.

आता काहीजण मालवणीचं उदाहरण देतील. २०१५ ला मुंबईत शंभरावर माणसं मेली. पण ती मेली दारूत मिसळलेल्या कारखान्याच्या मिथेनॉलनं. गहू आंबवून तसलं विष तयार होत नाही.

बायकांचं म्हणणं मात्र मी उडवून लावणार नाही. दारूनं कुठली घरं बसली हे प्रत्येक गावात माहीत आहे. आमची आई हे वाचून दोन दिवस बोलणार नाही. पण आई, आडव्या बाटलीसाठी बायांनी मतदान केलं ते दुकानाविरुद्ध. आणि ते दुकान कोण चालवतंय? सरकारच परवाना देतंय. पाच रुपयांचा एक दिवसाचा परवाना फाडला की पिणारा कायदेशीर. म्हणजे आक्षेप पिण्याला नाहीच, कर न भरता पिण्याला आहे.

हे जुनंच आहे. बव्हेरियात १६०२ पासून गव्हाची बिअर गाळायचा मक्ता राजघराण्याकडं होता, बाकीच्यांनी जवाची करायची. १८७२ ला श्नायडर नावाच्या माणसानं तो हक्क मिळवला. आपल्याकडं राजे गेले, मक्ता परवानेवाल्यांकडं आला. अमेरिकेनं १९७८ ला कायदा करून घरच्यापुरती बिअर मोकळी केली, विक्रीला बंदी ठेवली. लांब कशाला, शेजारच्या मध्य प्रदेशात आदिवासींना घरच्यापुरत्या मोहाच्या दारूची सूट आहे.

२०२२ च्या जानेवारीत सुपरमार्केटात वाइन विकायचं ठरलं तेव्हा शेतकऱ्याचं भलं म्हणून सांगितलं होतं. द्राक्षवाला शेतकरी, मग गहू-ज्वारीवाला कोण? पाण्याचंही तसंच. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं आणि त्याच उन्हाळ्यात मराठवाड्यातल्या दारू कारखान्यांचं पाणी कापायला हायकोर्टाला सांगावं लागलं. घरातल्या दहा लिटरनं कुणाचं धरण आटत नाही.

मागणी साधी आहे. विक्री गुन्हाच राहू द्या. गाळलेली दारू गुन्हाच राहू द्या. एकवीस वर्षांवरच्या माणसानं स्वतःच्या घरी, ठरावीक लिटरपर्यंत, धान्याची आंबवलेली बिअर केली तर तो गुन्हेगार नाही, एवढी एक ओळ कायद्यात घाला. आणि ती पुण्याच्या फ्लॅटला जशी लागू तशीच वस्तीवरच्या घागरीलाही. जिल्ह्यातल्या आमदारांनो, पुढच्या अधिवेशनात हा प्रश्न कोण विचारणार? नाव कळवा, निवेदन मी स्वतः घेऊन येतो.