गर्भ सोडायची नळी : मऊ की कडक?

मुरुडच्या एक भगिनी लिहितात, "टेस्ट ट्यूब बेबीचा पहिला प्रयत्न वाया गेला. सासूबाई म्हणतात, लगेच उठलीस म्हणून. आता महागाची नळी मागू का?"

ताई, उठल्याने गर्भ पडत नाही हो! तो बोल मनाला लावून घेऊ नका. नळी मात्र मऊ असलेली बरी. पिशवीचे अस्तर कमी दुखावते, गर्भ राहण्याची शक्यताही कडक नळीपेक्षा जास्त. पण मऊ नळ्यांत अमकीच सरस, असे ठरलेले नाही. मग उगाच जास्त पैसे का मोजा? कुणाच्या पिशवीचे तोंड वाकडे असते, तिथे कडक नळीचा आधार लागतो. ते आधी रिकामी नळी घालून पाहता येते. तेवढे डॉक्टरांना विचारा. सोनोग्राफीत बघून गर्भ सोडतात, त्यासाठी लघवी तुंबवावी लागते. झाल्यावर खुशाल मोकळ्या व्हा, अंथरूण धरू नका.