थ्रिलरला पाटी कशाला?

‘यातून संदेश काय?’ शाळेतल्या मुलांनी फिल्म करायची म्हटली की पहिला प्रश्न हाच येतो. गोष्ट काय, कॅमेरा कोण धरणार, आवाज कसा घेणार, हे सगळं त्यानंतर. मुलंही आता याला सरावली आहेत. त्यामुळे स्नेहसंमेलनात दाखवल्या जाणाऱ्या शॉर्ट फिल्म बहुतेक एकाच पद्धतीने संपतात. करुण संगीत वाजतं, पडदा काळा होतो आणि त्यावर पांढरी अक्षरं येतात: ‘झाडे लावा’, ‘पाणी वाचवा’, ‘मोबाईलचा अतिवापर टाळा’. टाळ्या पडतात आणि निवेदक पुढच्या नृत्याचं नाव पुकारतो.

यंदा एका शाळेतल्या नववीच्या मुलांनी थ्रिलर करायचं ठरवलं आणि त्यांच्यापुढेही हाच प्रश्न आला. पटकथेपासून एडिटिंगपर्यंत मी त्यांच्याबरोबर बसत होते. तेव्हापासून माझं मत पक्कं झालंय की, शाळकरी मुलांना सिनेमा शिकवायचा असेल तर थ्रिलरइतका चांगला धडा दुसरा नाही. फक्त तो शिकू द्यायचा असेल तर शेवटच्या त्या पाटीचा हट्ट सोडायला हवा.

थ्रिलर म्हटलं की मोठ्यांच्या कपाळावर आठ्या का पडतात, मला कळत नाही. बाबुराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा अभ्यासाच्या पुस्तकात लपवून वाचलेली माणसं आज आजोबा झाली आहेत. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पोरांना संकटात उडी घ्यायलाच शिकवत होता. राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ १९६४ साली आला आणि १९६६ साली राज खोसलांनी त्यावरून हिंदीत ‘मेरा साया’ काढला. श्वास रोखून गोष्ट ऐकण्याची आपल्याकडे जुनी हौस आहे. ती मुलांमध्ये उतरली तर त्यात बिघडलं काय?

पहिल्या बैठकीत गोष्टी भराभर आल्या. सायको किलर, भिंतीवर रक्ताचा पंजा, आरशात दिसणारी बाई, आणि शेवटी ‘ते सगळं स्वप्न होतं’. सगळ्यांत जास्त मतं अपहरणाला पडली. शाळा सुटल्यावर गल्लीत पांढरी व्हॅन येणार, तोंडाला रुमाल बांधलेले दोघं उतरणार आणि एकाच्या सहावीतल्या भावाला उचलून नेणार. व्हॅन कुणाच्या तरी काकांची होती, भाऊ तयारच होता.

मी त्यांना राईनपाड्याबद्दल सांगितलं. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातल्या या गावात, भिक्षा मागत फिरणाऱ्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पाच जणांना मुलं पळवणारी टोळी समजून जमावाने ठार मारलं. त्या दिवसांत देशभर मोबाईलवर अशा अफवा फिरत होत्या. त्यांच्याबरोबर फिरणाऱ्या एका क्लिपमध्ये मोटारसायकलवरचे दोघं गल्लीत खेळणाऱ्या मुलाला उचलून पळताना दिसायचे. ती घटना खरी नव्हतीच. कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी केलेली ती फिल्म होती. मूळ फिल्ममध्ये मोटारसायकल परत येते, मुलाला जागेवर सोडते आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक धरला जातो. भारतात फिरलेल्या क्लिपमधून तो शेवट कापून टाकलेला होता.

एडिटिंग करणाऱ्या मुलाने विचारलं, ‘मॅडम, म्हणजे फक्त शेवट ट्रिम केला?’ हो, फक्त शेवट.

मुलांनी अपहरण तिथेच सोडलं. ते योग्यच झालं. आजूबाजूच्यांना कल्पना न देता रस्त्यावर असा सीन करणं म्हणजे आपल्याच पोरांना मारहाणीच्या तोंडी देणं आहे, आणि खेळण्यातल्या पिस्तुलालाही तोच नियम लागू आहे. पण मला त्या क्लिपमधून आणखी एक गोष्ट दिसते. त्या फिल्मचं सगळं शहाणपण शेवटच्या फलकावर होतं. फलक गेला आणि मागे नुसती भीती उरली. गोष्टीच्या अंगात जे नाही ते शेवटी लिहून आणता येत नाही. लिहिलंच, तर ते काढून टाकायला एक बोट पुरतं.

मग गोष्ट शाळेच्या आत आली. संध्याकाळची वेळ. एक मुलगी विसरलेली प्रयोगवही न्यायला वर्गात परत येते. ती जिना चढत असतानाच खाली शिपाईमामा फाटकाला कुलूप लावतात. वही शोधताना तिला शिक्षकांच्या खोलीतून कपाट उघडल्याचा आवाज येतो. त्या कपाटात घटक चाचणीच्या प्रश्नपत्रिका आहेत. समोर पाठमोरी उभी असलेली व्यक्ती वळते, आणि ती निघते तिच्याच बाकावर बसणारी मैत्रीण.

पहिल्या आराखड्यात कुलूप शेवटी कळत होतं, धक्का म्हणून. तेव्हा मी त्यांना हिचकॉकचा टेबलाखालचा बॉम्ब सांगितला. फ्रान्स्वा त्रुफोने १९६२ साली घेतलेल्या त्याच्या दीर्घ मुलाखतीत तो येतो. दोन माणसं टेबलाशी गप्पा मारताहेत आणि अचानक बॉम्ब फुटला, तर प्रेक्षकाला मिळतो पंधरा सेकंदांचा धक्का. बॉम्ब ठेवलेला प्रेक्षकाने आधीच पाहिला असेल, तर त्याच कंटाळवाण्या गप्पा पंधरा मिनिटं जीव टांगणीला लावतात. माणसं तीच, बॉम्ब तोच, फक्त प्रेक्षकाला काय माहीत आहे ते बदललं.

हे ऐकून दिग्दर्शन करणाऱ्या मुलीने वहीतला कुलपाचा शॉट सरळ दुसऱ्या पानावर नेला. ‘आधीच दाखवू. मग ती वही शोधत बसली ना, की बघणाऱ्यांना होईल, अगं बाई, निघ आता!’

माझ्या मते त्या एका बदलात वर्षभराचा अभ्यास आहे. समोरच्याला आत्ता काय ठाऊक आहे, काय नाही, त्याला कधी सांगायचं आणि कितपत सांगायचं, याचा विचार ही मुलं एरवी करतच नाहीत. निबंधात करायची गरज पडत नाही, कारण तो वाचणाऱ्याला सगळं आधीच माहीत असतं. थ्रिलरमध्ये मात्र पदोपदी दुसऱ्याच्या डोक्यात शिरावं लागतं. ते जमलं नाही तर प्रेक्षक जांभई देतो, आणि ती जांभई मुलांना कुठल्याही शेऱ्यापेक्षा जास्त झोंबते.

खरं अवघड काम असतं मुलांना कागदावर बसवण्याचं. मोबाईल खिशात असताना चित्रं कोण काढणार! इंग्लंडमध्ये ओसीआर या परीक्षा मंडळाच्या मीडिया स्टडीजच्या जुन्या अभ्यासक्रमात, एका नव्या चित्रपटाची नामावलीसकट सुरुवात, जास्तीत जास्त दोन मिनिटांची, करून द्यायला सांगत. अनेक मुलं त्यासाठी थ्रिलरच निवडायची. शंभरपैकी साठ गुण प्रत्यक्ष फिल्मला होते, वीस संशोधन आणि आखणीला आणि उरलेले वीस स्वतःच्या कामाचं परीक्षण करण्याला. आखणीचे वीस गुण मला फार आवडतात. आपल्याकडे ती वही कुणी मागतच नाही.

या मुलांनी ती वही केली. काड्यांची माणसं काढून प्रत्येक शॉटची चौकट आखली, मग शॉट जागेप्रमाणे वाटले, म्हणजे व्हरांड्यातले सगळे एका दिवशी आणि जिन्यावरचे दुसऱ्या दिवशी. कंटिन्युइटीचं काम एका अबोल मुलीकडे दिलं होतं. रिबन कुठल्या बाजूला सुटली आहे, दप्तराचा पट्टा कुठल्या खांद्यावर आहे, वही डाव्या हातात की उजव्या, हे ती प्रत्येक शॉटनंतर लिहून ठेवायची. वर्गातल्या घड्याळातला सेल तिनेच काढायला लावला. काटे पावणेसहावर लावून ठेवले, म्हणजे शूटिंग कितीही वेळ चाललं तरी गोष्टीत पावणेसहाच वाजलेले. पुढे व्हरांड्यात नायिका एका शॉटमध्ये डावीकडून आणि लगेच पुढच्यात उजवीकडून चालत आली, तेव्हा ‘ही परत फिरली का?’ असं सगळ्यांत आधी विचारणारीही हीच.

मोबाईलने एक मोठा त्रास दिला. अंधार दिसला की तो आपणहून चित्र उजळ करतो, आणि भीतीदायक व्हरांडा दुपारच्या सुट्टीतला वाटू लागतो. पडद्यावर बोट दाबून धरायचं, एक्स्पोजर लॉक करायचं आणि मग उजेड खाली ओढायचा, हे कॅमेऱ्यावरच्या मुलाने स्वतः शोधून काढलं. खऱ्या रात्रीपेक्षा दिवेलागणीला शूट केलं तर चित्र स्वच्छ येतं, हेही त्यालाच कळलं.

पण या मुलांची खरी हुशारी दिसली ती आवाजात. मी त्यांना ‘सायको’तल्या न्हाणीघराच्या सीनबद्दल सांगितलं होतं. चित्रपट १९६० सालचा, कृष्णधवल. तो हल्ला पडद्यावर जेमतेम पाऊण मिनिट चालतो, पण त्या सीनच्या शूटिंगला सात दिवस लागले. रक्त म्हणून चॉकलेट सिरप वापरलं आणि सुरीच्या घावांचा आवाज खरबुजात सुरी खुपसून काढला. बघणाऱ्याला वाटतं आपण सगळं पाहिलं, आणि प्रत्यक्षात बरंचसं त्याने ऐकलेलं असतं. हे समजल्यावर मुलं शाळाभर आवाज शोधत हिंडली. वर्गातल्या संवादांसाठी दुसरा मोबाईल बाकाखाली, बोलणाऱ्याच्या जवळ ठेवायचा आणि सुरुवातीला एक टाळी वाजवायची, म्हणजे नंतर चित्र आणि आवाज जुळवता येतात. कपाटाच्या कुरकुरीसाठी खरं कपाट उपयोगाचं ठरलं नाही, ते फारच गुळगुळीत उघडायचं. प्रयोगशाळेतलं गंजकं स्टूल फिरवल्यावर हवी तशी कुरकुर मिळाली.

आणि मग संगीताच्या खोलीतली जुनी पेटी. तिच्या भात्यातून हवा सुटते म्हणून ती कोपऱ्यात पडली होती. एकही पट्टी न दाबता तिचा भाता सावकाश हलवला की माणूस अंधारात दम धरून श्वास घेत असावा असा आवाज येतो. फिल्ममध्ये नायिका दाराआड उभी राहते तिथे हाच आवाज आहे, आणि त्याखाली मंद्रातला नुसता एक षड्ज. कुठल्याशा इंग्रजी चित्रपटाचं तयार संगीत लावायचा बेत होता. तो हक्कांच्या भीतीने बारगळला, आणि त्याचा मला आनंदच झाला.

एडिटिंगला फार वेळ गेला, पण त्याबद्दल सांगण्यासारखं थोडंच आहे. एकाच्या दादाने ड्रोनवरून शाळेचा देखणा शॉट घेऊन दिला होता. तो सगळ्यांना आवडत होता आणि गोष्टीला नको होता. तो काढायचा निर्णय त्यांनी स्वतः घेतला. तेव्हा मोठ्यांपैकी कुणीही तोंड उघडलं नाही याचं मला बरं वाटलं. मोठी माणसं मदतीच्या नावाखाली एडिटिंग आपल्या हातात घेतात आणि मुलांची फिल्म लग्नाच्या व्हिडिओसारखी दिसू लागते. ते होऊ देऊ नये.

फिल्मचा शेवट असा आहे. शिपाईमामा परत येतात, फाटक उघडतात. मुलगी एकटीच बाहेर येते. मामा वर बघत विचारतात, ‘आत अजून कुणी आहे का गं?’ तिच्या चेहऱ्यावर फिल्म संपते.

मुख्याध्यापकांना फिल्म आवडली. परीक्षा जवळ आल्या होत्या, कॉपीमुक्त अभियानाची पत्रकं आलेली होती, म्हणून त्यांनी शेवटी तशी एक ओळ घालायला सांगितलं. मुलांनी एक विनंती केली, की आधी आठवीच्या एका वर्गाला आहे तशी दाखवू द्या. सर स्वतः मागच्या बाकावर येऊन बसले. फिल्म संपताच वर्गात भांडण जुंपलं. सांगायलाच हवं, नाहीतर हीसुद्धा चोरच. नाही सांगायचं, आधी मैत्रिणीला पेपर परत ठेवायला लावायचे. पण फाटक तर बंद होणार, मग ती आतच राहील त्याचं काय? एक मुलगा म्हणाला की, मैत्रिणीने पेपर का घेतले हे कुणी विचारलंच नाही. पुढचा तास सुरू व्हायची घंटा झाली तरी वाद मिटला नव्हता. पाटी असती तर यातलं एक वाक्यही कुणी बोललं नसतं. सगळ्यांना अपेक्षित उत्तर दिसलं असतं आणि वर्ग सुटला असता.

सरांनी ओळ घालायचा आग्रह सोडला. त्यांचं मला मनापासून कौतुक वाटतं, कारण वरून पत्रकं येत असताना असं करणं सोपं नसतं.

शाळांना आणि पालकांना माझी एवढीच विनंती आहे. पुढच्या संमेलनासाठी मुलं थ्रिलर करू म्हणाली तर हो म्हणा. त्यांना शाळा सुटल्यानंतरची जागा द्या, सोबतीला एक शिक्षक द्या, रस्त्यावर शूटिंग असेल तर शेजाऱ्यांना आणि पोलीस चौकीला आधी कळवा, शूटिंगआधी आखणीची वही मागा आणि तिला गुण द्या. संदेश काय, हे मुलांना विचारू नका. फिल्म दाखवून झाली की तो प्रश्न बघणाऱ्यांना विचारा, आणि त्यांना बोलायला एक मोकळा तास द्या.