फुटत नाही, म्हणजे किती वेळ?

परवा दुपारी नातवाच्या संगणकावर एक भिंत वितळताना पाहिली आणि हातातला चहा गार झाला. ‘पावडर टॉय’ नावाचा हा खेळ फुकट मिळतो. पडद्यावर वाळू, पाणी, धातू, स्फोटके असे काहीही ठिपक्याठिपक्यांनी ओतायचे. उष्णता, दाब आणि विजेचा हिशेब संगणक ठेवतो. नातवाला ध्यास एकच, कशालाही दाद न देणारी भिंत बांधायची.

ते सोपे नाही. काच दाबाने तडकते, विटेचा चुरा होतो. टायटॅनियम दाब अडवते, पण थर्माइटच्या आगीपुढे ओघळते. उष्णता वाहून न नेणारा ‘इन्सुलेटर’ आतून लावावा, तर तो स्वतःच पेट घेतो. यादीत हिराही आहे आणि त्याच्या वर्णनातच तो अविनाशी असल्याचे लिहिले आहे. मी म्हटले, “अरे, मग हिऱ्याचीच बांध की!”

“आजोबा, ती चीटिंग झाली.”

पोराचे खरे होते. खरा हिरा काही इतका चिवट नसतो. १७७२ साली पॅरिसमध्ये लव्हॉझिए आणि त्याच्या सहकाऱ्यांनी भल्यामोठ्या भिंगाने ऊन एकवटून हिरा जाळला होता.

सूनबाईंना हा सगळा वेळेचा अपव्यय वाटतो. मला तसे वाटत नाही. बँकेत लागलो तेव्हा स्ट्राँगरूमचे दार पाहून मलाही वाटले होते की, हे कल्पांतापर्यंत कोणाला फुटायचे नाही. पुढे कळले, ‘अभेद्य’ हा शब्द विक्रेत्याच्या तोंडी असतो, चाचणीच्या कागदावर नसतो. अमेरिकेत तिजोऱ्यांना ‘टीएल-१५’, ‘टीएल-३०’ अशा प्रती देतात. जाणत्या माणसांनी हत्यारे चालवली तर दार किती मिनिटे तग धरते, एवढेच तो आकडा सांगतो. पुढचे काम भोंग्याचे आणि रखवालदाराचे. हे उमगायला मला नोकरीतली कित्येक वर्षे लागली. या पोराला एक सुट्टी पुरली.

खेळात एक उणीव मात्र आहे. तिथले टायटॅनियम थकत नाही. खरा धातू थकतो. १९५४ साली ‘कॉमेट’ जातीची दोन प्रवासी विमाने भूमध्य समुद्रावर आकाशातच फुटली. मग इंग्लंडमध्ये फार्नबरोला तसेच एक विमान पाण्याच्या टाकीत ठेवून त्यात उड्डाणागणिक भरतो तसा दाब पुन्हा पुन्हा भरला, सोडला. शेवटी पत्रा फाटला. एका धक्क्याने काही झाले नव्हते. रोजच्या साध्या भरण्या-सोडण्याने घात केला होता.

हे सांगितले तेव्हा नातू बराच वेळ गप्प होता. मग त्याने वही काढली. आता प्रत्येक भिंतीपुढे ती किती सेकंद टिकली ते लिहितो. कालची ४१ सेकंद टिकली. घड्याळ सूनबाईंच्या हातात होते.