गल्ल्यावरचा गोळा : जुना ट्रॅकबॉल निवडताना

पाटोद्यासारख्या तालुक्याच्या गावी दुकानाचा गल्ला म्हणजे हात-दीड हाताची जागा. तीवर संगणक, कळफलक, बिले छापण्याचे यंत्र, पावतीपुस्तके आणि वर ग्राहकाने टेकवलेली पिशवी. माऊस सरकवायला वीतभर मोकळी जागा उरत नाही. टॅलीचे काम बहुतांशी कळफलकावरच उरकते, हे खरे. परंतु जीएसटीचे पोर्टल, ई-वे बिल व बँकेचे संकेतस्थळ यांसाठी पडद्यावरील बाण हलवावाच लागतो, आणि साठी ओलांडलेल्या मुनिमांचे मनगट सायंकाळी कुरकुरू लागते.

ट्रॅकबॉलचा उपयोग येथे आहे. साधन जागचे हलत नाही, वरचा गोळा तेवढा बोटांनी फिरतो. मनगटाचे दुखणे त्याने बरे होते असे मात्र कोणी मानू नये. श्रम मनगटाकडून बोटांकडे जातात, इतकेच. अंगठ्याने फिरवायचा गोळा अंगठ्याला शिणवतो. म्हणून मधोमध मोठा गोळा असलेला, दोन्ही बाजूंनी सारखा नमुना बरा. तो डाव्या हातालाही चालतो.

हे साधन माऊसपेक्षा वयाने मोठे आहे. राल्फ बेंजामिन यांनी ते 1946 मध्ये ब्रिटिश नौदलाच्या रडारयंत्रणेसाठी कल्पिले. एंगलबार्ट यांच्या माऊसचे जाहीर प्रात्यक्षिक झाले ते 1968 मध्ये. घरगुती संगणकांसाठी केन्सिंग्टन, लॉजिटेक, मायक्रोसॉफ्ट यांनी पुढे जे नमुने काढले, त्यांतले पुष्कळ आता बनत नाहीत. जुन्या मालात ते सापडतात, आणि भरभक्कम बांधणीमुळे त्यांचा मोह पडतो.

मोह पडला तरी आधी तारेचे टोक पाहावे. आयताकृती यूएसबी टोक असल्यास चिंता नाही; आजचा संगणक ते बहुधा लगेच ओळखतो. सहा पिनांचे गोल टोक, म्हणजे पीएस-टू, असेल तर दुकानातील संगणकाची मागची बाजू तपासावी. काही डेस्कटॉपवर ते भोक अजून असते, लॅपटॉपवर नसते. जोडताना संगणक बंद ठेवावा. येथे एक फसगत ठरलेली. बाजारात मिळणारा लहानसा हिरवा जोड केवळ तारा जुळवतो, संकेतांचे रूपांतर करीत नाही. ट्रॅकबॉल मुळातच दोन्ही पद्धती जाणणारा असेल तरच तो चालतो. एरवी आत इलेक्ट्रॉनिक मंडल असलेला परिवर्तक घ्यावा लागतो. नऊ पिनांचे सिरियल टोक किंवा ॲपलचे जुने एडीबी टोक असलेला नमुना हौशी माणसाने घ्यावा, पेढीने नव्हे. त्याच्या परिवर्तकाचा शोध आणि खर्च मूळ वस्तूहून जड जातो.

मग गोळा काढून आत पाहावे. जुन्या रचनेत गोळा बारीक रूळ फिरवतो. रुळांवर मळ साचतो, तो कापसाने निघतो. पण रूळ झिजले असतील तर बाण अडखळतो आणि त्याला उपाय अवघड. लॉजिटेकने 1995 च्या ट्रॅकमन मार्बलमध्ये ठिपक्यांचा गोळा प्रकाशाने वाचण्याची सोय आणली. गोळ्याची गती मोजणारे झिजण्यासारखे भाग त्यात नाहीत. आधाराच्या टेकूंवरचा मळ अधूनमधून पुसला की झाले. रोजच्या वापराला हीच जात योग्य.

जुन्या नमुन्यांना बहुधा चक्र नसते. लांबलचक विवरणपत्र खाली सरकवण्यास पेजडाऊन कळ वापरावी लागेल. ज्यांचा दिवस अशा पत्रकांतच जातो, त्यांनी हा नित्याचा खोळंबा आधीच हिशेबात धरावा.

किमतीविषयी स्पष्ट बोललेले बरे. मायक्रोसॉफ्टच्या ट्रॅकबॉल एक्सप्लोररसारखे बंद झालेले नमुने संग्राहकांच्या ओढीमुळे मूळ भावाच्या वर विकले जातात. त्या भावात नवा ट्रॅकबॉल हमीसह येतो. दुकानासाठी वस्तू घ्यायची, तर नावाला पैसे मोजण्याचे कारण नाही. खरेदीची बेरीज करताना वस्तू, परिवर्तक, टपालखर्च आणि संभाव्य दुरुस्ती एकत्र मांडावी.

बटणाचा दोष मात्र भावातून वजा करून घेण्याजोगा आहे. जुन्या बटणाचा एक दाब कधी दोनदा लागतो, आणि पैसे पाठवण्याच्या पानावर ती गंमत राहत नाही. आतील लहानसा स्विच मोबाइल दुरुस्त करणारा कारागीरही डाग देऊन बदलू शकतो. पुण्याच्या तपकीर गल्लीत अथवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर समक्ष घेतल्यास जोडून पाहता येते. दूरवरून मागवायचे असल्यास विक्रेत्याकडून चलचित्र मागावे : गोळा अगदी सावकाश फिरवताना बाण न अडखळता चालतो का, आणि प्रत्येक बटण दहा वेळा दाबल्यावर दहाच नोंदी होतात का.